सोनेरी ड्रिल, जुनी दुनळी आणि कोकणातला पावसाळा: कोणत्या पोलादावर कोणते कोटिंग?

नारळीपोफळी (धागाकर्ता)

नमस्कार. माझे घर कुडाळ तालुक्यात आणि उद्योग कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आहे, त्यामुळे गंज आणि झीज ही दोन्ही दुखणी माझ्या वाट्याला आलेली आहेत. घरी वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची जुनी दुनळी बंदूक आहे. तिच्या नळ्यांवरचा मूळचा निळसर काळा रंग हाताच्या पकडीच्या जागी पार उडाला असून गेल्या दोन पावसाळ्यांत तिथे तांबूस ठिपके दिसू लागले आहेत. बागेतल्या कोयत्यांची अवस्था निराळी सांगायला नको. इकडे वर्कशॉपमध्ये आम्ही बिडाच्या कास्टिंगवर एचएसएसचे (हाय-स्पीड स्टील या पोलादाचे) ड्रिल आणि कार्बाइडचे (पोलादाहून कठीण मिश्रणाचे) एंडमिल, म्हणजे बाजूनेही कापणारे कटर, चालवतो. सोनेरी कोटिंगचे ड्रिल साध्या ड्रिलपेक्षा पुष्कळ अधिक भोके पाडतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

यावरून मनात असे आले की, जे कोटिंग बिडाला पुरून उरते ते कोकणातल्या हवेलाही पुरून उरेल. तेव्हा बंदुकीच्या नळ्या, चार कोयते आणि ड्रिलची पेटी एकदमच कोटिंगवाल्याकडे पाठवावी का? जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

एचआरसी६२

कृपया पाठवू नका, आणि निदान बंदूक तर नाहीच नाही. कारण सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

आपण ज्याला सोनेरी कोटिंग म्हणतो ते टायटॅनियम नायट्राइड. TiN या सूत्रावरून त्याला टिन म्हणतात, कथिलाशी त्याचा संबंध नाही. निर्वात कक्षात टायटॅनियमची वाफ करून आणि नायट्रोजन सोडून हा थर बसवतात आणि या पद्धतीला पीव्हीडी म्हणतात. थराची जाडी २ ते ४ मायक्रॉन एवढीच असते, पण कठिणता सुमारे २३०० एचव्हीपर्यंत (एचव्ही म्हणजे कठिणतेचे विकर्स माप) जाते. कडक केलेले एचएसएस ८०० ते ९०० एचव्हीच्या घरात असते, यावरून फरक लक्षात यावा. मात्र हा थर नीट चिकटण्यासाठी वस्तू बहुधा ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, आणि खरी मेख इथेच आहे.

टेम्परिंग म्हणजे कडक केलेले पोलाद ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताने तापवणे. एचएसएसचे टेम्परिंगच मुळी ५५० अंशांच्या आसपास झालेले असते, म्हणून त्या ड्रिलला ४५० अंशांचे काहीच वाटत नाही. कोयता बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला असतो आणि धारेसाठी त्याचे टेम्परिंग फार तर २००-३०० अंशांवर झालेले असते. तो पीव्हीडीच्या कक्षातून बाहेर येईल तेव्हा दिसायला सोन्याचा असेल, पण त्याचे पाणी उतरलेले असेल. कोटिंग निवडताना पहिला प्रश्न कोटिंगचा नसून खालच्या पोलादाने शेवटचे टेम्परिंग किती अंशांवर पाहिले आहे, हा असतो. ज्या प्रक्रियेचे तापमान त्याहून अधिक, ती प्रक्रिया त्या वस्तूसाठी बाद.

माझी चूक अशी होती. एचसीएचसीआर (हाय-कार्बन हाय-क्रोमियम), म्हणजे डी-२ पोलादाचे पंच आम्ही नेहमीप्रमाणे २०० अंशांवर टेम्पर करून, ग्राइंड करून, माप लावून कोटिंगला पाठवले. परत आले तेव्हा कठिणता रॉकवेल (एचआरसी) मापावर दोन-तीन अंकांनी उतरलेली होती आणि मापही सरकलेले होते. कोटिंगवाल्याचा यात काडीचाही दोष नव्हता, कारण त्याने टेम्परिंगचे तापमान विचारले होते आणि आमच्याकडून चलनावर तो रकाना कोराच गेला होता. तेव्हापासून कोटिंगसाठी जाणारे डी-२ आम्ही ५०० अंशांच्या वरच टेम्पर करतो. तसे केल्यास कठिणता किंचित कमी मिळते, पण पुढे ती हलत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, कठीण थराखाली तितकाच भक्कम आधार लागतो. भर नीट न ठोकता वर शहाबादी फरशी टाकली की फरशी कितीही कडक असली तरी वजन पडताच तडकते. मऊ पोलादावरचे टिन अगदी तसेच तडकते.

रसायनी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्याला गंजाची बाजू जोडतो, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नात झीज आणि गंज यांची गल्लत झालेली आहे.

टिनचा थर स्वतः गंजत नाही हे खरे, परंतु तो इतका पातळ असतो की त्यात सूक्ष्म छिद्रे राहतातच. त्या छिद्रांतून ओलावा आणि क्षार खाली पोहोचले की पोलाद गंजू लागते आणि वरचा थर त्या जागी पापुद्र्यासारखा सुटतो. क्रोम आणि निकेल यांचीही हीच गत आहे. हे धातू पोलादाहून गंजाला अधिक विरोध करणारे असल्यामुळे छिद्र पडले की सगळा भार उघड्या पोलादाच्या त्या टिंबावर येतो आणि तिथे खोल खड्डा पडतो. जस्ताचे याच्या उलट आहे, कारण ते स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. म्हणून छपराच्या पत्र्याला जस्त चालते. बंदुकीला ते शोभत नाही आणि धारेला ते टिकत नाही, ही बाब वेगळी.

आता दुनळीकडे येतो. तिच्यावरचा काळा रंग हा रंग नसून लोखंडाचाच मॅग्नेटाइट नावाचा ऑक्साइड आहे आणि त्याला ब्लूइंग म्हणतात. त्याची जाडी जेमतेम एक मायक्रॉन असते. त्याची खरी कामगिरी तेल धरून ठेवण्याची असल्यामुळे तेलाशिवाय तो पावसाळा काढू शकत नाही. हल्ली कारखान्यांत हे काम कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइट क्षारांच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात अर्ध्या तासात उरकतात. पण जुन्या दुनळीच्या बाबतीत इथेच घात होतो. तिच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या पट्ट्या बहुधा कथील-शिशाच्या मऊ झाळणीने जोडलेल्या असतात. १४० अंशांना ती झाळण वितळत नाही, पण कॉस्टिक तिला खाऊन टाकते. जोड सुटतात, आणि सांध्यात शिरलेले क्षार पुढे कित्येक महिने बाहेर पाझरून नळीला आतून गंजवत राहतात. पीव्हीडीच्या कक्षात तर ही झाळण सरळ वितळेल, कारण कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांच्या आसपास पातळ होऊ लागते. म्हणूनच झाळलेली किंवा पितळी जोडाची वस्तू कोणताही जबाबदार पीव्हीडीवाला आत घेत नाही, कारण तिच्या वाफांनी त्याचा कक्षही बाटतो.

अशा बंदुकीसाठी जुनी, संथ पद्धतच योग्य ठरते. सौम्य आम्लयुक्त द्रावण लावून नळीवर मुद्दाम बारीक तांबडा गंज आणायचा, नळी उकळत्या पाण्यात ठेवून तो गंज काळ्या ऑक्साइडमध्ये पालटायचा, बारीक स्टील वूलने वरचा मोकळा थर काढायचा आणि हे सगळे पाच-सहा वेळा, काही दिवस, पुन्हापुन्हा करायचे. यात तापमान १०० अंशांवर जात नाही आणि झाळणीला धक्का लागत नाही. गंमत अशी की, जी दमट हवा धागाकर्त्यांना छळते आहे तीच या कामी कारागिराला हवी असते.

ह्यूस्टनकर

मी टेक्सासमध्ये राहतो आणि इथे हा विषय शेजारपाजारच्या गप्पांत असतो, म्हणून दोन पर्याय मांडतो.

पहिला पर्याय नायट्रायडिंगचा आहे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलांनी १९८० च्या दशकात तो लोकप्रिय केला. हे कोटिंग नव्हेच. सुमारे ५७०-५८० अंशांच्या क्षारकुंडात नायट्रोजन आणि कार्बन पोलादात मुरवतात आणि पृष्ठभागच कठीण व गंजरोधक होतो. वर काही चढवलेलेच नसल्यामुळे निघून येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दुसरा पर्याय सेराकोटचा, म्हणजे सिरॅमिक मिसळलेल्या पॉलिमरच्या लेपाचा आहे. तो फवारून सुमारे १२० अंशांना दोन तास भाजतात. जाडी साधारण २५ मायक्रॉन असते आणि खाऱ्या हवेत तो फार उत्तम टिकतो. धागाकर्त्यांच्या झाळणीला १२० अंश सोसतील असे वाटते.

रसायनी

नायट्रायडिंग नव्या, अखंड नळीसाठी मलाही सर्वांत आवडते. पण ५७० अंश ऐकल्यावर आपल्या दुनळीचे नाव यादीतून आपोआप कटते.

सेराकोटचे तापमान चालेल हे मान्य आहे. अडचण त्याच्या पूर्वतयारीत आहे. तो लेप धरण्यासाठी पृष्ठभागावर वाळूसारख्या कठीण कणांचा मारा करून तो खरखरीत करावा लागतो. त्यात उरलेसुरले ब्लूइंग तर जातेच, शिवाय जुने कोरीवकाम बोथट होते आणि ठोकलेले क्रमांकही पुसट होऊ शकतात. नव्या साध्या बंदुकीला तो जरूर करावा. आजोबांच्या काळातल्या दुनळीला मी तरी करणार नाही.

फॉस्फेटचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम-१ गॅरंड रायफलींवर जो करडा, निस्तेज रंग दिसतो तो हाच, आणि त्याला पार्करायझिंग असे नाव आहे. हा थर सच्छिद्र असतो, पण त्याची छिद्रे तेल पिऊन धरून ठेवतात. त्यामुळे तेल लावलेले फॉस्फेट ब्लूइंगपेक्षा गंजाला जास्त काळ थोपवते. दिसायला मात्र ते सैन्याच्या ट्रकसारखे दिसते.

हार्ड क्रोमविषयी एवढेच सांगतो की, ते नळीच्या आतल्या बाजूला शोभते. कलाश्निकोव्ह रायफलीची नळी आतून क्रोमची असते, कारण जुन्या प्राइमरमधून (काडतुसातली दारू पेटवणाऱ्या टोपीतून) निघणारे क्षार आणि तापलेले वायू हे दोन्ही ती सोसते. बाहेरून क्रोम करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि उच्च कठिणतेचे भाग ठिसूळ होतात. त्यामुळे प्लेटिंगनंतर काही तासांतच २०० अंशांच्या आसपास वस्तू भाजून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. बंदुकीच्या स्प्रिंगा क्रोमवाल्याकडे कधीही देऊ नयेत. त्या आज नाही तर उद्या तुटतील.

परवानाधारक

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण एक मुद्दा राहून गेला आहे आणि तो सर्वांत आधी यायला हवा होता. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याखाली करायचा व्यवसाय आहे. साध्या प्लेटिंगवाल्याच्या किंवा कोटिंगवाल्याच्या हाती नळ्या देणे म्हणजे त्यालाही आणि स्वतःलाही गोत्यात आणणे होय. काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा दुरुस्तीकाराकडेच द्यावे आणि पावती घ्यावी. परवाना वडिलांच्या नावावर असल्याने त्यांनी स्वतः जावे. दुसऱ्या कोणी दुरुस्तीसाठी न्यायची झाल्यास परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावरच नेता येते.

त्याच कायद्यात बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडण्यास, बदलण्यास मनाई आहे. ब्लूइंगआधी उत्साही कारागीर नळी आरशासारखी पॉलिश करतो आणि त्या भरात क्रमांकाचे आकडे अर्धे उडतात. आमच्या ओळखीत असे एकदा घडले आणि पुढचे नूतनीकरण होईपर्यंत त्या गृहस्थांच्या जिवाला घोर लागून राहिला. क्रमांकाच्या आणि चाचणीच्या ठशांच्या जागी पॉलिश करायचे नाही, हे कामाच्या पावतीवर लिहून घ्यावे आणि देण्यापूर्वी त्या जागांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

नवशिका_फिटर

बंदुकीविषयी मला काही कळत नाही, पण ड्रिलविषयी विचारतो. सोनेरी ड्रिलला एकदा धार लावली की टोकावरचे सोने निघून जाते. मग त्याचा उपयोग संपला असे समजायचे का? आणि आमच्याकडे ॲल्युमिनियमचे काम जास्त आहे. तिथे सगळ्यांत महागाचे काळसर कोटिंग आणले तर एंडमिलला ॲल्युमिनियमच चिकटून बसले. हे कशामुळे झाले असावे?

एचआरसी६२

दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

ड्रिलला धार लावताना आपण टोकाची पाठ घासतो. फ्लूटच्या, म्हणजे ड्रिलच्या पिळदार खाचेच्या, आतला थर, ज्याच्यावरून चिप घसरत बाहेर येते, तो शाबूत राहतो. त्यामुळे फायदा कमी होतो, पण संपत नाही. महागड्या हॉबसारख्या (गिअरचे दाते कापणाऱ्या) टूलला धार लावून पुन्हा कोटिंग करून घेणे परवडते, आणि तिथे ॲल्युमिनियम-क्रोमियम नायट्राइड फार चांगले चालते. बारीक ड्रिलच्या बाबतीत दुसऱ्यांदा खर्च करण्यात अर्थ नाही.

तुमचे काळसर-जांभळे कोटिंग बहुधा टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचे असणार. त्यातले ॲल्युमिनियम उष्णतेत पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा पातळ पडदा तयार करते. त्यामुळे टिन जिथे ५५०-६०० अंशांच्या आसपास ऑक्सिडाइझ होऊ लागते तिथे हे सुमारे ८०० अंशांपर्यंत तग धरते. म्हणजे ते तापलेल्या, कोरड्या, वेगवान कटिंगसाठी जन्मलेले आहे. धागाकर्त्यांच्या बिडावर कार्बाइड एंडमिलला मी हेच सुचवीन, आणि कूलंटऐवजी हवा मारावी असेही सुचवीन. कूलंटच्या धरसोडीने कार्बाइडला बारीक तडे जातात. ॲल्युमिनियम कापताना मात्र कोटिंगमधल्या ॲल्युमिनियमची आणि जॉबमधल्या ॲल्युमिनियमची सोयरीक जुळते आणि चिप चिकटते. तिथे कोटिंग नसलेले, आरशासारखे पॉलिश केलेले, तीक्ष्ण धारेचे कार्बाइड वापरावे, नाहीतर डीएलसी घ्यावे. डीएलसी म्हणजे हिऱ्याच्या जातकुळीचा कार्बनचा थर. तो गुळगुळीत असतो, पण ३५० अंशांच्या पुढे टिकत नाही. त्याच्याने पोलाद वेगात कापू नये, कारण तापलेले लोखंड कार्बन पिऊन टाकते.

एंडमिलच्या बाबतीत एक गोष्ट कोणी सांगत नाही. थर कितीही पातळ असला तरी धारेवर त्याची बारीक गोलाई येतेच. बिडाला ती मानवते, किंबहुना धार चिपण्यापासून वाचते. प्लास्टिकला आणि ॲल्युमिनियमला ती मानवत नाही.

अवांतर: टर्निंगच्या इन्सर्टवरचे (लेथच्या टूलला लावायच्या बदलत्या कटिंग तुकड्यांवरचे) कोटिंग वेगळ्या घराण्यातले आहे. १९६९ साली स्वीडनच्या सँडविकने कोटिंग केलेले इन्सर्ट बाजारात आणले ते सीव्हीडी पद्धतीचे होते. त्यात वायूंची रासायनिक क्रिया १००० अंशांच्या आसपास घडवतात. कार्बाइड ते सोसते, एचएसएस सोसत नाही. म्हणूनच एचएसएसला पीव्हीडी येईपर्यंत थांबावे लागले आणि सोनेरी ड्रिल १९८० च्या सुमारास दिसू लागले.

लोहारसाळ

कोयत्यांकडे सगळ्यांनी पाठ फिरवली, म्हणून मी लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या भाता चालला.

कोयत्याला कोटिंग भट्टीतच मिळालेले असते. घडवताना अंगावर जी काळी खपली बसते, तिच्यात तुमच्या त्या मॅग्नेटाइटचा भाग असतोच. जुना लोहार फक्त धारेची कड घासतो आणि बाकीचे अंग काळेच ठेवतो. हल्ली बाजारात गिऱ्हाईक चकचकीत कोयता मागते, म्हणून पत्रा घासून पांढरा करतात आणि मग तोच पहिल्या पावसात लाल होतो. खपली एकसंध असेल आणि वरून खोबरेल नव्हे, तर जाड खनिज तेल फिरवलेले असेल, तर कोयता चांगला राहतो. खपलीचा टवका उडाला असेल तर त्या कडेने गंज आत सरकतो. तो टवका घासून काठ मोडावा आणि पुन्हा तेल लावावे.

धारेला कसलेही कोटिंग करू नये. दर दोन दिवसांनी दगडावर जाणारी वस्तू ती, तिच्यावर काय राहणार? कोकमाचा रस, फणसाचा चीक आणि माशाचे पाणी लागलेला कोयता तसाच आकडीत अडकवणे हीच खरी गंजाची सुरुवात असते. घरातल्या आदोळीचेही (विळीचेही) तेच आहे.

स्टेनलेसचा कोयता घ्या, असे कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. गंज कमी येतो हे खरे आहे, पण स्वस्त स्टेनलेस मऊ असते आणि सुकलेल्या शहाळ्याच्या देठावर त्याची धार वळते.

नारळीपोफळी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन वेगळ्या रोगांना एकच औषध शोधत होतो, हे आता लख्ख दिसते आहे. ठरवलेले असे: एचएसएस ड्रिल टिनचेच घ्यायचे आणि मोठ्या व्यासाच्या ड्रिलना एकदाच पुन्हा कोटिंग करून हिशोब मांडायचा. बिडासाठी टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचे एंडमिल हवेवर चालवून पाहायचे. कोयत्यांचा विचार लोहारसाळ यांच्या सल्ल्याने सोडून दिला आहे.

बंदुकीसाठी वडील स्वतः परवानाधारक दुरुस्तीकाराकडे जाऊन आले. त्याने आधी गरम ब्लूइंगच सुचवले होते. नळ्यांचा जोड झाळणीचा आहे का, असे वडिलांनी विचारताच त्याने पट्टी निरखून पाहिली आणि संथ पद्धतीला वेळ लागेल, पावसाळ्यानंतर आणा, असे सांगितले. तोपर्यंत काय करावे?

रसायनी

दुरुस्तीकाराने वेळ मागितला ही चांगली खूण आहे.

तोपर्यंत तांबूस ठिपके पितळी काठीने किंवा तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने हलकेच उचलावेत. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये. बाजारात मिळणारे थंड ब्लूइंग लावण्याचा मोह टाळावा. ते सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचे असते, काळे दिसते, पण हाताच्या घामाने महिन्याभरात उतरते आणि पुढच्या कारागिराला ते आधी खरवडून काढावे लागते. बंदूक चामड्याच्या किंवा फोमच्या म्यानात मुळीच ठेवू नये, कारण दोन्ही ओलावा धरतात आणि चामड्यात कमावण्याची रसायने असतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागते, आणि आपल्याकडे जुलैत ती त्याहून कितीतरी वर असते. कुलपाच्या कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की तापवून वाळवाव्यात. नळी आतून कोरडी करून तेलाचा बोळा फिरवावा, आणि पुन्हा वापरण्याआधी ते तेल कोरड्या कापडाने पुसून काढायला विसरू नये.

परवानाधारक

आणि वडिलांना सांगा, पावसाळ्यानंतर जाताना परवान्याची मूळ प्रत बरोबर न्यावी. आमच्याकडे छायांकित प्रतीवर काम घ्यायला नकार मिळाला होता आणि चाळीस किलोमीटरची फेरी वाया गेली.